एम१७ मधला ७० लाख अंशांचा वायू: चंद्रा दुर्बिणीच्या जुन्या डेटातून काय आणि कसं काढावं?

नभांगण:

नमस्कार मंडळी. एम१७, म्हणजे धनू राशीतला ओमेगा तेजोमेघ, याच्या नासाच्या चंद्रा या अवकाश-दुर्बिणीने घेतलेल्या क्ष-किरण डेटावर एक प्रकल्प आखतो आहे. एनजीसी ६६१८ या गुच्छातले ओ प्रकारचे (सर्वांत तप्त आणि जड) तारे सेकंदाला दोन-अडीच हजार किलोमीटर वेगाचे वारे सोडतात. त्या वाऱ्यांनी तापलेला वायू तेजोमेघातली पोकळी खरंच फुगवतो का, आणि फुगवत असेल तर त्याचा वाटा किती, हे पाहायचं आहे.

एम१७ घ्यायचं कारण त्याचं वय. जेमतेम दहा लाख वर्षं किंवा त्याहूनही कमी, त्यामुळे तिथे अजून सुपरनोव्हा झालेला नसावा. कॅरिना तेजोमेघात न्यूट्रॉन तारा, म्हणजे जुन्या स्फोटाचा अवशेष, सापडलेला असल्याने वारा कुठला आणि स्फोट कुठला हे वेगळं करणं कठीण. अंतर सुमारे २ किलोपार्सेक (साडेसहा हजार प्रकाशवर्षं), म्हणजे १ आर्कमिनिटाला ०.५८ पार्सेक. चंद्राच्या एसिस-आय या क्ष-किरण कॅमेऱ्याच्या १७ × १७ आर्कमिनिटांच्या चौकटीत साधारण १० पार्सेकचा भाग येतो.

अडलंय ते इथे:

१. ताऱ्यांचे ठिपके काढून टाकल्यावर जी धूसर चमक उरते ती वायूचीच, की वेगळे न दिसणाऱ्या शेकडो लहान ताऱ्यांची? कसं ओळखायचं?

२. पार्श्वभूमी कुठून घ्यायची? तेजोमेघ जवळजवळ सगळी चौकट व्यापतो.

३. दोन तापमानांचं मॉडेल बसवलं की शोषणाचा (वाटेतल्या वायू-धुळीने गिळलेल्या प्रकाशाचा) आकडा जरा हलवताच थंड घटकाची दीप्ती दहा-दहा पट बदलते. विश्वास कशावर ठेवायचा?

---

फोटॉनवेचा:

प्रकल्पाची निवड चांगली आहे. मी फक्त डेटा हाताळण्याबद्दल लिहितो, भौतिकशास्त्र इतर कोणी सांगतील.

सर्वांत आधी निरीक्षणांच्या तारखा बघा. एसिसच्या समोरच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं कार्बनी थर साचत गेलाय, त्यामुळे १ केईव्हीच्या (केईव्ही हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं माप) खालची संवेदनशीलता सतत घसरली आहे. तुमचा वायू नेमका तिथेच चमकतो. त्यामुळे मार्च २००२ चं सुमारे ४० किलोसेकंदांचं निरीक्षण छोटं असूनही मऊ (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांसाठी सोन्यासारखं आहे. नंतरची निरीक्षणं जास्त खोल आहेत, ती ठिपके शोधायला वापरा. पण वेगवेगळ्या वर्षांचे वर्णपट एकत्र बेरीज करून त्यांना एकच प्रतिसाद-फाइल (उपकरणाची संवेदनशीलता सांगणारी फाइल) लावू नका. प्रत्येक निरीक्षणाचा वर्णपट आणि त्याची फाइल वेगळी ठेवून मॉडेल एकाच वेळी सगळ्यांना बसवा. बेरीज केली तर साचलेल्या थराचा परिणाम शोषण म्हणून वाचला जातो आणि हायड्रोजनचा स्तंभ (दृष्टिरेषेतल्या वायूचं एकूण प्रमाण) फुगलेला निघतो.

सियाओ या चंद्राच्या विश्लेषण-सॉफ्टवेअरमधला क्रम असा ठेवा. आधी चंद्रा_रिप्रो चालवा. निरीक्षण व्हीफेंट या नोंदणी-पद्धतीत असेल तरच त्याचा कण-पार्श्वभूमीचा पर्याय चालू करा, साध्या फेंट पद्धतीत नको. मग ठिपके झाकून उरलेल्या भागाचा प्रकाशवक्र सुमारे २६० सेकंदांच्या तुकड्यांत काढा आणि सरासरीपासून तीन सिग्मापलीकडे गेलेले तुकडे वगळा. ठिपके न झाकता हे केलं तर एखाद्या तरुण ताऱ्याची ज्वाला पार्श्वभूमीचा उद्रेक समजून चांगला वेळ फेकला जातो. मग प्रतिमेसाठी फ्लक्सइमेज, पीएसएफचा (एका बिंदूचा प्रकाश किती पसरतो त्याचा) नकाशा आणि ठिपके शोधणारं वेव्हडिटेक्ट, पट्टी १, २, ४, ८ पिक्सेल. उंबरठा १०^-६ च्या आसपास ठेवा, म्हणजे दहा लाख पिक्सेलमागे एखादाच खोटा ठिपका. झाकण्यासाठीची यादी मात्र थोडी सैल, १०^-५ ने काढा. इथे खोटा ठिपका झाकला गेला तर नुकसान नगण्य, खरा तारा राहून गेला तर वर्णपट बिघडतो.

झाकण्याच्या वर्तुळाची त्रिज्या सगळीकडे सारखी ठेवणं ही नेहमीची चूक. मधोमध चंद्राची प्रतिमा अर्ध्या आर्कसेकंदाची असते. १० आर्कमिनिटं बाजूला तोच तारा दहा-पंधरा आर्कसेकंदांचा डाग होतो. जागेनुसार ९९ टक्के प्रकाश सामावणारी त्रिज्या काढा आणि तिला १.१ ने गुणा. सीईएन १ या जोडीकडे खास लक्ष द्या. दोन ओ४ तारे एकमेकांपासून सुमारे १.८ आर्कसेकंदांवर आहेत आणि दोन्ही क्ष-किरणांत ठळक व कठीण (जास्त ऊर्जेच्या) वर्णपटाचे. त्यांच्या पीएसएफचे पंख लांबवर पसरतात, तिथलं वर्तुळ हाताने मोठं करा.

झाकल्यावर चित्र चाळणीसारखं दिसेल. सियाओमधल्या डीएमफिल्थने ती भोकं आजूबाजूच्या चमकेने भरता येतात, पण तो फक्त चित्रासाठीचा उपाय. वर्णपट काढताना भोकं भोकंच राहू द्या आणि क्षेत्रफळातून ती वजा करा. गुळगुळीत करताना एक्स्पोजरचा नकाशाही त्याच मापाने गुळगुळीत करून मग भागाकार करा. नाहीतर चार चिपांमधल्या फटींच्या जागी काळी फुली उमटते आणि कोणी तरी ती धुळीची पट्टी म्हणून वाचतो.

पार्श्वभूमीसाठी तयार ब्लँक-स्काय (रिकाम्या आकाशाच्या) फायली इथे चालत नाहीत. त्या आकाशगंगेच्या प्रतलापासून दूरच्या आकाशातल्या. एम१७ प्रतलाच्या एका अंशाच्या आत आहे, तिथे आकाशगंगेच्या कण्याची स्वतःची कठीण चमक असते, ६.७ केईव्हीच्या लोखंडाच्या रेषेसकट. दोन भाग वेगळे करा. कणांचा भाग कॅमेरा झाकून घेतलेल्या स्टोड डेटातून घ्या आणि ९ ते १२ केईव्हीमधल्या मोजणीने त्याचं प्रमाण जुळवा. आकाशाचा भाग पश्चिमेकडच्या दाट रेणुमेघाच्या पलीकडे, चौकटीच्या कडेला, जिथे चमक सर्वांत मंद आहे तिथून घ्या. तो वजा न करता मॉडेल म्हणून धरा. मोजण्या कमी असताना काय-वर्गाऐवजी सी-स्टॅट ही जुळणी तपासायची कसोटी वापरा.

आणि १.७४ केईव्हीला रेषा दिसली तर सिलिकॉन सापडला म्हणून थांबू नका. ती डिटेक्टरच्या स्वतःच्या सिलिकॉनची. तप्त वायूतल्या हेलियमसदृश सिलिकॉनची रेषा १.८६ च्या जवळ येते. तसंच २.१ ते २.२ केईव्हीमधला उंचवटा उपकरणातल्या सोन्याचा.

---

गुच्छगणक:

पहिल्या प्रश्नाबद्दल. न दिसणाऱ्या ताऱ्यांचा वाटा अंदाजाने सोडू नका, तो मोजता येतो.

२ किलोपार्सेकवर १०^३० अर्ग प्रति सेकंद दीप्तीच्या तरुण ताऱ्याकडून ४० किलोसेकंदांत, शोषण शून्य धरलं तरी, सात-आठ फोटॉन मिळतात. धूळ धरली की त्याच्या निम्मे. सूर्याएवढे तरुण तारे साधारण याच दीप्तीचे, आणि त्यांच्याहून लहान तारे संख्येने कितीतरी जास्त. तेव्हा दिसणाऱ्या यादीच्या खाली मोठा गाळ आहे हे धरूनच चाला.

तीन परीक्षा करा. एक, ३ ते १५ मोजण्यांचे जे मंद ठिपके सापडले आहेत त्यांचे सगळ्यांचे मिळून एक वर्णपट बनवा. तुमच्या न दिसणाऱ्या ताऱ्यांचा चेहरा साधारण तसाच असेल: तापमान १ ते ३ केईव्ही, त्यावर भरपूर शोषण. हा साचा धूसर चमकेच्या मॉडेलमध्ये तिसरा घटक म्हणून घाला आणि त्याची फक्त उंची मोकळी ठेवा. दोन, ही उंची गुच्छाच्या मध्यापासून बाहेर जाताना ताऱ्यांच्या घनतेनुसार उतरते का बघा. तारे मध्यात दाटलेले असतात, वायू पूर्वेकडे वाहत गेलेला आहे. तीन, ओरायन तेजोमेघाच्या 'कूप' नावाच्या चंद्रा-निरीक्षणाचा दीप्ती-आलेख (कोणत्या दीप्तीचे किती तारे) वापरा. जानेवारी २००३ मध्ये जवळजवळ सलग १३ दिवसांत ८३८ किलोसेकंद घेतले गेले आणि १६१६ स्रोत मिळाले. एवढा पूर्ण आलेख दुसऱ्या गुच्छाचा नाही. तो तुमच्या तेजस्वी टोकाला जुळवून घ्या, म्हणजे खालच्या टोकाची एकूण दीप्ती मिळेल.

पूर्वेकडच्या भागात, गुच्छापासून चार-पाच आर्कमिनिटं दूर, ०.५ ते २ केईव्हीची चमक तशीच टिकते आणि २ च्या वरची जवळजवळ विझते. वायू असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथे मिळतो. मुख्य निष्कर्ष त्या भागावर उभा करा, गुच्छाच्या मध्यावर नाही.

एक जोड: ठिपक्यांची यादी फेकून देऊ नका. अवरक्त निरीक्षणांत धुळीची चकती असलेले तारे उठून दिसतात, चकती गमावलेले तारे प्रतलातल्या गर्दीत हरवतात. क्ष-किरणांत दोन्ही चमकतात. ओ ताऱ्यांच्या जवळ चकत्या कमी उरतात का, हा प्रश्न या यादीशिवाय विचारताच येत नाही. तारे जन्मणाऱ्या प्रदेशांच्या मिस्टिक्स या सर्वेक्षण प्रकल्पाने २० प्रदेशांत नेमक्या याच जोडणीतून सदस्य निवडले, आणि त्यांत एम१७ आहे.

---

शॉकफ्रंट:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: थंड घटकाची शोषण-विरहित दीप्ती मुख्य निष्कर्ष म्हणून देऊच नका. ०.१३ केईव्हीच्या वायूचा बहुतेक प्रकाश धूळ आणि वायू मध्येच गिळतात; उरलेल्या शेपटावरून पूर्ण प्राणी काढण्यासारखं आहे ते. ०.६ केईव्हीचा, म्हणजे सुमारे ७० लाख केल्व्हिनचा घटक त्यामानाने घट्ट बसतो. तोच वापरा.

शोषण मोकळं सोडू नका. अवरक्त रंगांवरून दृश्य शोषणाचा नकाशा मिळतो. दर मॅग्निट्यूडला २ × १०^२१ हायड्रोजन अणू प्रति चौरस सेंटिमीटर हे प्रमाण लावून सुरुवातीचा आकडा धरा आणि त्याच्या दुपटी-निमपटीतच मॉडेलला हलू द्या. मूलद्रव्यांच्या प्रमाणाची सारणी कोणती निवडली हे नोंदवा. जुनी आणि नवी सारणी यांच्यात स्तंभाचा आकडा तीस-चाळीस टक्क्यांनी बदलतो, आणि दोन शोधनिबंधांची तुलना करताना हा फरक हमखास विसरला जातो.

आणि एपेक हे तप्त वायूच्या वर्णपटाचं मॉडेल डोळे मिटून लावू नका. ते आयनीभवन समतोलात आहे असं धरतं. घनता ०.३ प्रति घन सेंटिमीटर आणि वायूचा मुक्काम १५ हजार वर्षं धरला तर घनता गुणिले काळ येतो १.४ × १०^११. समतोलासाठी १०^१२ च्या आसपास लागतो. म्हणून व्हीपीशॉकसारखं असमतोल मॉडेलही बसवून बघा. एपेकमध्ये १ केईव्हीजवळ निऑन आणि १.३५ ला मॅग्नेशियमच्या रेषांपाशी उरणारे चढउतार बऱ्याचदा तिथेच मिटतात.

---

नभांगण:

फारच उपयोगी. यादी झाकून पुन्हा करतो. पण शेवटचं गणित आधीच मांडून बघितलं आणि अडलो.

समजा, मॉडेलचा नॉर्म (उंची ठरवणारा आकडा) ०.००४ आला. २ किलोपार्सेकला उत्सर्जन-माप (घनतेचा वर्ग गुणिले घनफळ) १.९ × १०^५६ प्रति घन सेंटिमीटर. ३ पार्सेक त्रिज्येचा गोल धरला तर इलेक्ट्रॉन घनता ०.२६. तापमान ७० लाख. साठलेली उष्णता-ऊर्जा २.४ × १०^४८ अर्ग. वाऱ्यांची शक्ती १०^३७ अर्ग प्रति सेकंद आणि वय दहा लाख वर्षं धरलं तर आत टाकलेली ऊर्जा ३ × १०^५०. म्हणजे एक टक्काही शिल्लक नाही! मग वारे कुचकामी म्हणायचे? की बाकीची ऊर्जा क्ष-किरणांत निघून गेली?

---

शॉकफ्रंट:

गणित बरोबर आहे, निष्कर्ष दोन्ही चुकीचे.

क्ष-किरणांत गेली म्हणता येत नाही. तुमच्याच आकड्यांनी हा वायू सेकंदाला सहाएक × १०^३३ अर्ग उधळतो. २.४ × १०^४८ संपायला त्याला एक कोटी वर्षांहून जास्त लागतील. तेजोमेघाच्या वयाच्या दहापट.

आता दुसरा काळ काढा. ७० लाख केल्व्हिनला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर. ६ पार्सेक ओलांडायला १५ हजार वर्षं. त्या १५ हजार वर्षांत वारे आत टाकतात ४.६ × १०^४८ अर्ग. तुमच्याकडे साठलेले आहेत २.४ × १०^४८. दुपटीच्या आत जुळतात! म्हणजे पोकळी बंद फुगा नाहीच. वायू तापतो, पूर्वेकडच्या उघड्या तोंडातून वाहून जातो, आणि कोणत्याही क्षणी आत दिसतो तो फक्त मागच्या पंधरा हजार वर्षांचा माल. दहा लाख वर्षांच्या हिशेबाशी त्याची तुलना करणं म्हणजे नदीच्या पात्रातलं आजचं पाणी मोजून सगळ्या पावसाळ्याचा पाऊस काढणं.

वाऱ्याने फुगवलेल्या बुडबुड्याच्या १९७७ च्या प्रसिद्ध मॉडेलमध्ये कवच बंद असतं, म्हणून ते इथे दिसते त्याहून जास्त क्ष-किरण सांगतं. गळती हे एक कारण. दुसरं, तप्त वायू आणि थंड भिंत यांच्या खळबळत्या सीमेवर मिसळण होऊन ऊर्जा अतिनील आणि दृश्य प्रकाशात जाते. नव्या संगणकी प्रतिरूपांत तो वाटा खूप मोठा निघतो. चंद्राला तो दिसणार नाही. त्यामुळे 'गळतीने हिशेब जुळतो' असं लिहा, 'फक्त गळतीच आहे' असं नको.

तापमानही हेच सांगतं. २००० किमी/सेकंदाचा वारा थेट आदळून थांबला तर साडेपाच कोटी केल्व्हिन व्हायला हवेत. दिसतात ७० लाख. म्हणजे वाऱ्याच्या वायूत भिंतीवरून सुटलेला बराच थंड वायू मिसळलाय. तुमच्या घनतेवरून तप्त वायूचं वस्तुमान काढा आणि वाऱ्यांनी १५ हजार वर्षांत सोडलेल्या वस्तुमानाशी भागा. हा भागाकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वारा भिंतीला किती खरवडतो ते तो सांगतो. वाऱ्याचा वेग आणि वस्तुमान दोन्ही एकाच ताऱ्यांच्या यादीतून घ्या, मिसळून नको.

गोलाऐवजी पूर्वेकडे उघडणारा शंकू धरूनही गणित करा. घनफळाची चूक घनतेत वर्गमुळाने उतरते, ऊर्जेतही वर्गमुळाने वाढते. घनफळ दुप्पट झालं तर ऊर्जा १.४ पट. तेवढी पट्टी तक्त्यात द्या.

---

खोडदकर:

दाबाचा मुद्दा राहिला, तो रेडिओशिवाय पुरा होत नाही.

तप्त वायूचा दाब तुमच्या आकड्यांवरून सुमारे ३.५ × १०^६ केल्व्हिन प्रति घन सेंटिमीटर. आयनीभूत वायूत घनता १००० आणि तापमान ८००० धरलं तर १.६ × १०^७, म्हणजे चार-पाच पट जास्त. नैऋत्येच्या पट्ट्यात झीमन परिणामावरून (चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटतात त्यावरून) काहीशे मायक्रोगॉसचं चुंबकीय क्षेत्र मोजलं गेलंय. ५०० धरलं तर दाब ७ × १०^७. म्हणजे त्या बाजूची भिंत तप्त वायू ढकलत नाही, तिथे प्रारणदाब आणि आयनीभूत वायू पुढे आहेत.

आयनीभूत घनता स्वतः काढायची असेल तर नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या संग्रहात शोधा. पण पट्टा जपून निवडा. १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास जीएमआरटीला ७ आर्कमिनिटांहून मोठी रचना दिसत नाही, ६१० ला १७, ३२५ ला ३२. एम१७ चा तेजस्वी भाग मोठा आहे. वरच्या पट्ट्यात प्रकाश हरवतो, घनता कमी निघते, आणि तप्त वायू उगाच भारी वाटू लागतो. खालच्या पट्ट्यात प्रकाश सगळा मिळतो, पण दाट भाग अपारदर्शी होतो. तिथे तेजस्विता-तापमान ८००० च्या जवळ जाऊन थबकतं; त्या पिक्सेलमधून घनता काढायची नाही. ६१० ची प्रतिमा मुख्य धरा आणि १४०० ची एकाच तबकडीच्या दुर्बिणीने मोजलेल्या एकूण प्रकाशाशी ताडून बघा.

---

नभांगण:

नदीच्या पाण्याचा मुद्दा डोक्यात पक्का बसला. शंकू धरून पुन्हा करतो. शेवटचं: भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या एसएक्सटीचा किंवा जपानच्या नवीन क्रिझम उपग्रहाचा क्ष-किरण डेटा जोडला तर रेषा अधिक स्पष्ट होतील का?

---

फोटॉनवेचा:

एसएक्सटी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये बनलेली चांगली दुर्बीण आहे, पण तिची प्रतिमा सुमारे २ आर्कमिनिटांची. एनजीसी ६६१८ चा सगळा मध्य एका डागात जाईल आणि तारे झाकताच येणार नाहीत. एम१७ साठी नको. सीईएन १ सारख्या तेजस्वी स्रोतातले दीर्घकालीन बदल बघायचे असतील तरी शेजारचे तारे मिसळतील.

क्रिझमच्या रिझॉल्व्ह या उपकरणाची ५ इव्हीची विभेदनक्षमता या कामाला हवी तशीच आहे. पण त्याच्या तोंडावरची झडप उघडली नाही, त्यामुळे १.७ केईव्हीच्या खालचं जवळजवळ काही आत येत नाही. तुमच्या ०.६ केईव्हीच्या वायूच्या निऑन, मॅग्नेशियम आणि लोखंडाच्या रेषा सगळ्या त्याखालीच आहेत.

युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा असेल तर पूर्वेच्या भागासाठी जरूर घ्या. त्याचं संकलनक्षेत्र मोठं आहे. मात्र प्रतिमा ६ आर्कसेकंदांची, म्हणून ठिपक्यांची यादी चंद्राची वापरून त्याच जागा मोठ्या वर्तुळाने झाका. मऊ प्रोटॉनांचे उद्रेक तिथे चंद्रापेक्षा जास्त होतात. उद्रेक काढल्यावर निम्म्याहून कमी वेळ उरला तर उरलेल्या वेळेतही मंद प्रोटॉन असतात, त्यांच्यासाठी प्रतिसाद-फाइल न लावलेली एक पॉवर-लॉ मॉडेलमध्ये ठेवा.